आपोलीनमायची करवंटी

दुकानातली शिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली यंदा पुन्हा महागली. दुकानदार म्हणतो, वरूनच वाढून आली. वरून म्हणजे कुठून, ते तो सांगत नाही. गेल्या वर्षी लोणच्याच्या दिवसांत त्याने हेच सांगितलं होतं आणि त्याच्या आदल्या वर्षीही हेच. असा भाव वाढला की आमच्या खारवंड गावात आपोलीनमायचं नाव निघतंच. आलाच आहात तर बसा, ऐका. मात्र ही रागाची गोष्ट आहे, गोड लागणार नाही.

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायला होडीच लागायची, तेव्हा शिरका विकत आणायचा असतो हे या गावात कुणाला ठाऊकच नव्हतं. भंडारी माडावर चढून माडी काढायचे. बायका ती मडक्यात ओतायच्या, चुलीत लाल केलेला कौलाचा तुकडा तिच्यात टाकायच्या आणि मग आवस सोडायच्या. आवस म्हणजे आई. जुन्या शिरक्यावर जाड, बुळबुळीत साय धरते ना, ती. तिच्यामुळे माडीचा शिरका होतो, ती नसली तर माडी नुसती कुजते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की ताजी मासळी बंद. मग शिरक्यात मुरवलेला बांगडा आणि झाडावरच्या आंबट बिंबलांचं लोणचं यांवरच घरं निभायची. शिरका नाही तर कोरडा भात, आणि तोही पुरला तर.

आवशीचा एक नियम होता. ती मागायची, विकायची नाही. कुणाची आवस बिघडली तर तिने दिवेलागणीच्या आधी करवंटी घेऊन शेजारणीच्या दारात उभं राहायचं, आणि शेजारणीने काही न विचारता तुकडा काढून द्यायचा. त्यामुळे आपली आवस गेली तर काय, ही भीती कुणालाच नव्हती. घात झाला तो इथेच.

आपोलीनमाय खाडीच्या टोकाला राहायची. राग तिच्या नाकावरच बसलेला असायचा. कोंबडी अंगणात आली तरी ती ओरडायची आणि पाद्री उशिरा आला तरी ओरडायची. असं म्हणतात, ती मडक्यावर वाकून चार शब्द बोलली की माडी रातोरात आंबायची. शेजारच्या जायूवहिनी तर मडकं लावलं की मुद्दाम तिची खोडी काढायच्या आणि तिला आपल्याच स्वयंपाकघरात भांडायला लावायच्या. लग्न होऊन आली तेव्हा आपोलीनच्या अंगावर दागिना नव्हता. माहेरच्या आवशीचा तुकडा मात्र करवंटीत होता, आणि होडीत ती करवंटी तिने कुणाच्या हातात दिली नव्हती.

मग बंदरावर धोंडशेट आला. गोड बोलणारा माणूस. त्याने मोठी वखार बांधली, रांजण मांडले आणि घरोघर निरोप धाडला, की मला अख्खी आवस हवी आहे, जी देईल तिला पितळी तपेलं. नवं, चकचकीत, तोंड दिसेल असं. पहिल्या बाईने विचार केला, उद्या शेजारणीकडून तुकडा मागून घेऊ. शेजारणीनेही तोच विचार केला. तिच्या शेजारणीनेही. आपोलीनमाय तेव्हा बहिणीच्या गावी फेस्ताला, चर्चच्या जत्रेला, गेली होती. तिच्या सुनेने सासूचं मडकं रिकामं केलं आणि तपेलं घासून फळीवर मांडलं.

आपोलीनमाय परतली तेव्हा साऱ्या गावात एकही आवस उरली नव्हती. बायका करवंट्या घेऊन एकमेकींच्या दारात उभ्या राहत होत्या आणि तशाच माघारी फिरत होत्या. भिवा भंडारी माडी आणून देत होता आणि ती मडक्यात कुजत होती. त्यातच बांगड्याचा मोठा थवा लागला. मिठात घातलेले मासे ओट्यांवर पडून होते आणि शिरका फक्त धोंडशेटकडे होता. आता त्याचा भाव दर बाजाराला चढू लागला. बायकांनी आधी नारळ दिले, मग भात दिलं, मग तीच पितळी तपेली परत नेऊन दिली. तपेल्यात मावेल एवढाही शिरका तपेल्याच्या बदल्यात मिळेना. मासे वास मारू लागले.

आपोलीनमायच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुनेला ती काही बोलली नाही, आणि याचीच सुनेला जास्त भीती वाटली. तिने करवंटी उचलली, दिवेलागणीच्या आधी वखारीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि रीतीप्रमाणे करवंटी पुढे धरली.

"शेट, माका आवस व्हयी. इकत नको. मागतंय."

धोंडशेट हसला. म्हणाला, मागायचे दिवस गेले, आता शिरका हवा तर माप घे आणि मोल टाक.

"आवशीक मोल लावलंस तू," आपोलीनमाय म्हणाली. "आता तुझ्या रांजणांत आंबट काय ऱ्हवाचा नाय."

आणि ती ओरडू लागली. काय ओरडली ते पोराबाळांसमोर सांगण्यासारखं नाही. असं म्हणतात, आसपासच्या घरांत तापत ठेवलेलं दूध फाटलं. माडांवरच्या फुलोऱ्याच्या पोयी तडकल्या. दिवे लागले, विझले, कोंबडा आरवला, तरी तिचा आवाज थांबला नाही. सारं गाव वखारीसमोर जमलं. रागाने तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि थेट करवंटीत पडत होतं. उजाडलं तेव्हा भिवाने पुढे होऊन त्या पाण्यावर ताजी माडी ओतली. असं म्हणतात, सगळ्यांच्या देखत त्या माडीवर साय धरली. जाड, घट्ट, तळहाताएवढी. आणि धोंडशेटने रांजणाचं फडकं सोडून शिरका चाखला तर तो विहिरीच्या पाण्यासारखा लागला. दुसरा रांजण तसाच. सगळे तसेच.

लोक धोंडशेटला शिव्या देऊ लागले. पण आपोलीनमाय त्यांच्याकडे वळली. रात्रभर ओरडून घसा बसला होता, तरी शेवटच्या माणसाला ऐकू गेलं.

"शेट लुच्चो, ता माका ठावक होता. पण तुमी? शेजारणीकडे आसतली म्हणान आपली इकलात. सगळ्यांनीच शेजारणीकडे बघितला, तर शेजारीण कोणाकडे बघतली?"

मग तिने आवशीचे तुकडे केले आणि घरोघर गेली. प्रत्येक दारात आधी बोल लावला, मग तुकडा दिला. तिच्या सुनेला सगळ्यात शेवटी दिला आणि सगळ्यात जास्त बोलली. ओट्यांवरच्या माशांतले निम्मे फेकावे लागले. उरलेल्यांवर गावाने तो पावसाळा काढला, अर्धपोटी, पण काढला.

धोंडशेट होडीत बसून गेला. पुढे त्याने चिंच चावली तरी त्याच्या जिभेला आंबट लागत नसे, असं म्हणतात. आपोलीनमायला त्यानंतर कधीच राग आला नाही. कोंबड्या अंगणात आल्या तर ती त्यांना दाणे टाकायची. गावाला ते बघवत नसे. तिचा सगळा राग आवशीत उतरला, असं म्हणतात, आणि म्हणूनच आमचा शिरका असा झोंबतो.

अजूनही खारवंडात होड्या किनाऱ्यावर ओढण्याआधी बायका आवस घेऊन शेजारी जातात. आधी शेजारणीच्या मडक्यात तुकडा सोडायचा, मग आपल्या. सोडताना मडक्यावर वाकून ओरडायचं, "शेजारणीकडे आसा म्हणान आपली इकतलंस?" घरातल्या सगळ्यांनी म्हणायचं, "नाय." आवाज लहान झाला तर पुन्हा विचारायचं.

मधल्या काळात हे जरा ढिलं झालं होतं, ते कबूल करायला हवं. बाटली स्वस्त होती, मडकं ठेवायला जागा नव्हती, आणि बहुतेकींना वाटत होतं की आवस कुणाकडे तरी असेलच. यंदा बाटलीचा भाव ऐकल्यावर शोध घेतला तर भिवाच्या पणतसुनेकडे तेवढी निघाली. यंदा आम्ही दुकानाला लागून असलेल्या घरात मडकं लावलं आणि दार सताड उघडं ठेवून ओरडलो. दिवेलागणीच्या थोडं आधी दुकानदाराची बायको मागच्या दाराने आली. हातात करवंटी होती.

आम्ही तिला आधी बोल लावला, मग तुकडा दिला.