फ्रीजच्या दारावरचे दही

एकदा एका व्यापाऱ्याच्या स्वयंपाकघरात, प्लग काढून ठेवलेला जुना फ्रीज भरदुपारी गुणगुणू लागला, आणि त्या घरातून हसण्याबोलण्याचा आवाज हळूहळू नाहीसा झाला.

व्यापारी काही भोळाभाबडा नव्हता. धान्याच्या पेठेत त्याच्या शब्दाला मान होता. ज्वारीचा दाणा दाताखाली धरून तो कोणत्या शिवारातला ते सांगणारा माणूस, उगाच कशाला घाबरेल? पण तो फ्रीज वाजू लागला की तो स्वयंपाकघरात थांबत नसे. शेवटी तो नदीपलीकडच्या मठीत एका वृद्ध साधूकडे गेला. साऱ्या पेठेला तो साधू ‘बाबा’ म्हणून ठाऊक होता. त्याच्यापाशी एक तरुण शिष्य राहत असे. शिष्य तर्कशास्त्र शिकलेला होता, म्हणजे आपल्याला भीती वाटत नाही हे सिद्ध करायला सदैव तयार असे.

“बाबा, एवढंच सांगा,” व्यापारी म्हणाला, “तो फ्रीज दुरुस्त करू की टाकून देऊ?”

मग त्याने सगळी हकिकत सांगितली. फ्रीज त्याच्या पत्नीने, मालनबाईने, हट्ट धरून घेतला होता. त्यांची एकुलती एक मुलगी ऋजुता शाळेत जाऊ लागली आणि तिला मधुमेह निघाला. तेव्हापासून तिला रोज इन्सुलिन टोचावे लागे, आणि ते औषध थंडाव्यात ठेवावे लागे. मालनबाई होती तोवर फ्रीज कधी कुरकुरला नाही. ती गेली आणि त्याने अंग काढून घेतले. कारागीर आला की चाले, कारागीर गेला की बंद पडे. एका उन्हाळ्यात तो बंद पडल्याचे कुणाच्या लक्षातच आले नाही. औषध नासले, तेच मुलीने टोचून घेतले, आणि ती शाळेच्या पायरीवर कोसळली. दवाखान्यातून ती घरी परत आली हेच नशीब.

“मग नवा आणला,” व्यापारी म्हणाला. “तो आमच्या घरात तास-दोन तासांत गार पडला. म्हणजे गार व्हायचा थांबला. दुकानात परत नेला तर उत्तम चालला. त्यांनी दुसरा दिला, त्याचीही तीच गत. विजेच्या माणसाला सगळ्या तारा ठीक दिसतात. आणि हा जुना, ज्याची वायर मी गुंडाळून ठेवली आहे, तो मात्र वाजतो. औषध सध्या शेजारी ठेवतो. मुलीचे मामा म्हणतात, शेजारच्या घराच्या भरवशावर भाची वाढवायची नाही. येत्या रविवारी ते तिला कायमची घेऊन जायला येणार आहेत. मी कोणत्या तोंडाने नको म्हणू?”

बाबांनी शिष्याकडे पाहिले. “तू जा. पाहून ये. काही करू नकोस, फक्त पाहा.”

शिष्य त्याच दुपारी गेला. घर स्वच्छ होते, ऊन ओट्यापर्यंत आले होते, भिंतीवरची पाल सुद्धा आपल्या जागी निवांत होती. एका कोपऱ्यात नवा फ्रीज, वरचे प्लॅस्टिकही न काढलेला, मुका उभा होता. समोरच्या कोपऱ्यात जुना. त्याच्या दाराला तळाशी गंज चढला होता आणि वरच्या बाजूला कधी काळी काढलेल्या कुंकवाच्या स्वस्तिकाची फिकट खूण होती. वायर गुंडाळून दोऱ्याने बांधलेली. शिष्याने ती हातात घेऊन नीट पाहिली. तेवढ्यात फ्रीज थरथरला आणि गुणगुणू लागला.

शिष्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. तर्कशास्त्र त्या क्षणी कुठे गेले होते कोण जाणे. त्याने दार उघडले. आत दिवा लागला. थंड वाफ त्याच्या मनगटाला स्पर्शून गेली. सगळे कप्पे रिकामे होते, फक्त दारातल्या कप्प्यात एक छोटा स्टीलचा डबा होता, झाकण काढलेला, आत काही घालण्याची वाट पाहत असल्यासारखा.

“त्यात माझं औषध असायचं,” मागून आवाज आला. ऋजुता शाळेतून आली होती. तिला त्या गुणगुणीचे नवल राहिले नव्हते. “तो साधारण याच वेळेला वाजायला लागतो, मी घरी यायची वेळ झाली की. अण्णा तेव्हा दुकानात जाऊन बसतात. मी त्याला सांगते, मी आले, पण तो थांबत नाही.”

शिष्याला बाबांची आज्ञा आठवत होती, पण भ्यालेल्या माणसाला स्वस्थ बसवत नाही. त्याने शेजाऱ्यांकडून औषधाची बाटली मागून आणली, नव्या फ्रीजमध्ये ठेवली आणि त्याचे बटण दाबले. नवा क्षणभर चालला. मग जुन्याचा आवाज चढला, इतका की मांडणीवरची ताटे किणकिणू लागली, आणि नवा बंद पडला. ऋजुताने बाटली उचलली आणि शेजारी परत नेऊन दिली. एवढ्याशा मुलीच्या चेहऱ्यावरचा तो थकवा पाहून शिष्याला स्वतःची लाज वाटली.

मठीत परतल्यावर तो म्हणाला, “बाबा, दुरुस्तीचा प्रश्नच नाही. त्या वस्तूला आजच्या आज भंगारात घालायला हवे.”

“उद्या आपण दोघे जाऊ,” बाबा म्हणाले. “व्यापाऱ्याला निरोप पाठव. हळदकुंकू, अक्षता आणि घरी विरजलेले दही तयार ठेवायला सांग.”

दुसऱ्या दिवशी बाबा स्वयंपाकघरात आले आणि जुन्या फ्रीजसमोर पाट मांडून बसले. शिष्याला संकोच वाटला. गंजलेल्या लोखंडापुढे आपले गुरू हात जोडून बसलेले कुणी पाहिले तर काय म्हणेल, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. आवाज चालूच होता. बाबांनी व्यापाऱ्याला जवळ बसवून घेतले.

“हा घरात आला त्या दिवशी मालनबाईंनी काय केलं होतं?”

“कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. दसऱ्याला करतात तसंच.”

“आणि काय म्हणाल्या?”

“म्हणाली, माझ्या लेकीचं औषध आता तुझ्या स्वाधीन. आम्ही सगळे हसलो होतो.”

“जाताना तुम्हाला काय म्हणाल्या?”

व्यापाऱ्याने मान वळवली. ऋजुता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्याकडे न पाहता तो म्हणाला, “दवाखान्यात माझा हात धरून म्हणाली, ऋजूच्या औषधाचं बघाल ना?”

“तुम्ही काय उत्तर दिलं?”

“मी म्हणालो, फ्रीज आहे ना. तू कशाला काळजी करतेस?”

हे शब्द उच्चारताना त्याचा स्वर इतका खाली गेला की गुणगुण त्याच्यावर चढली. बाबांनी तिकडे लक्ष दिले नाही. त्यांनी आणखी एकच प्रश्न विचारला. “मुलीला सकाळी किती औषध लागतं?”

व्यापाऱ्याने मुलीकडे पाहिले, मग जमिनीकडे. सगळ्या पेठेतल्या धान्याचे भाव ज्याला तोंडपाठ, त्याला हे ठाऊक नव्हते. औषध आधी आई देत असे आणि आई गेल्यावर मुलगी स्वतःच टोचून घेत असे. त्याने कारागीर आणले होते, सुटे भाग आणले होते, नवे फ्रीज आणले होते, पण तिच्या सुईकडे त्याने कधी पाहिले नव्हते. त्याला ती पाहवत नसे.

बाबा म्हणाले, “गणपती आणतो तेव्हा आपण आवाहन करतो. आणि विसर्जनाआधी उत्तरपूजा करतो, हातावर दही ठेवतो, मूर्ती जागची थोडी हलवतो. त्यानंतर ती माती होते, मग ती पाण्यात सोडायला मन कचरत नाही. या घरात मात्र आवाहन झाले, उत्तरपूजा राहिली. याच्यावर एक काम सोपवले होते. ते तुझे झाले, आता जा, असे त्याला कुणी सांगितले नाही. सांगणार तरी कसे? ते काम घ्यायला दुसरे कुणी पुढे आलेच नव्हते. जोवर ते कुणी घेत नाही, तोवर याला दुरुस्त करा नाहीतर फेकून द्या, दोन्ही सारखेच आहे. आणि ते नव्यावर टाकू नका. नव्याने फक्त थंड राहावे.”

व्यापारी उठला. त्याने दारावरच्या फिकट स्वस्तिकाला हळदकुंकू लावले, अक्षता वाहिल्या. मग चमचाभर दही दाराच्या मुठीवर ठेवले, जसे प्रवासाला निघालेल्याच्या तळहातावर ठेवतात.

“तू खूप सांभाळलंस,” तो म्हणाला. “आता ऋजूचं औषध मी बघतो. मालन, ऐकतेस ना? मी बघतो.”

त्याने आतला स्टीलचा डबा काढून घेतला. मग त्याने आणि शिष्याने मिळून फ्रीज वीतभर पुढे सरकवला. आवाज खोल गेला, अडखळला, एखादे मूल रडता रडता झोपी जावे तसा थांबला. उघड्या दारातला दिवा विझला. तळातून गंजाचे थोडे पाणी फरशीवर आले. शिष्याने आत हात घालून पाहिले. दुपारच्या वेळी घरातला कोणताही पत्रा असतो तसा आतला भाग कोमट होता.

ऋजुता रडत होती. आई गेली तेव्हाही ती इतकी मोकळी रडली नव्हती, असे व्यापाऱ्याने पुढे सांगितले.

रविवारी मामा आले ते बॅग भरून घ्यायच्या तयारीनेच. त्यांना दिसले ते असे: व्यापारी खिडकीच्या उजेडात सिरिंज धरून डोळे बारीक करून रेघा मोजत होता, घामाघूम झाला होता, आणि मुलगी त्याला दटावत होती, “अण्णा, बुडबुडा राहिलाय, परत काढा.” पलीकडे नवा फ्रीज आपला चालू होता. मामांनी चहा घेतला, भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि संध्याकाळच्या गाडीने एकटेच परत गेले. जुना फ्रीज त्याआधीच भंगारवाल्याच्या हातगाडीवरून गेला होता, आणि तो गेला तेव्हा कुणी दारात येऊन पाहिले सुद्धा नाही.

त्या पूजेच्या दिवशी मठीकडे परतताना, नावेतून उतरल्यावर, शिष्याने मनातला प्रश्न विचारला होता. “बाबा, वीज नसताना तो आवाज कसला होता? मी स्वतः ऐकला. ताटे किणकिणली.”

बाबा चालता चालता थांबले.

“मला कुठला आवाज आला नाही,” ते म्हणाले. “व्यापारी आला तेव्हापासून मी त्याच्या चेहऱ्याकडेच पाहत होतो.”

शिष्याने मागे वळून पाहिले. पैलतीरावर त्या घराची खिडकी उघडी होती. नाव बांधून ठेवणाऱ्या नावाड्याने त्याला दोनदा हाक मारली तेव्हा कुठे तो हलला. त्या दिवसानंतर त्याने तर्काने कुणाला गप्प बसवल्याचे कुणी ऐकले नाही.

घरातले काही बिघडले म्हणजे कारागिराला बोलवावे हे खरेच. पण ती वस्तू कुणासाठी राबत होती, आणि आता ते काम कुणाच्या अंगावर आहे, एवढे त्याआधी स्वतःला विचारून घ्यावे.