खालच्या आळीचा हौद

शहराला वेस असायची आणि सूर्य मावळला की वेशीचे दरवाजे लागायचे, त्या काळची ही गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी एक शहर होतं. डोंगरावरच्या तळ्यातलं पाणी मातीच्या नळांतून खाली यायचं आणि आळीआळीच्या हौदांत पडायचं. सारं शहर त्या पाण्यावर जगायचं. नळ दुरुस्त ठेवायचे, हौद उपसून साफ करायचे, हे काम दर तीन वर्षांनी कुणाला तरी मक्त्याने दिलं जाई. कुणाला द्यायचं ते पाच पंच मिळून ठरवत.

त्या पाचांत एक होता गिरमाजी सोनार. साठी उलटलेला, कमी बोलणारा. उभ्या आयुष्यात त्याने कुणाच्या सोन्यात गुंजभर तांबं मिसळलं नव्हतं. "गिरमाजीकाका पंचांत आहेत ना, मग घोर नाही," असं लोक म्हणत. ते कानावर आलं की त्यालाही बरं वाटे.

त्या वर्षी मक्त्यासाठी दोघं पुढे आले. पहिली भागू गवंडीण. नवऱ्याच्या मागे गवंड्यांची टोळी तिनेच सांभाळली होती. पंचांपुढे उभी राहिली ती गाऱ्हाणं घेऊनच.

"खालच्या आळीचा हौद तळाशी फुटलाय. शेजारच्या मोरीचं पाणी आत झिरपतंय. तो आधी बांधून काढला पाहिजे. दोन महिने हौद बंद राहील आणि लोकांची बोलणी तुम्हाला खावी लागतील. कबूल असेल तरच मी काम घेते."

पंचांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

दुसरा होता परगावचा एक मक्तेदार. जिभेवर साखर. "एकही हौद बंद ठेवायला नको," तो म्हणाला. "पंधरा दिवसांत सगळे आरशासारखे करून देतो." शेजारच्या शहरात त्याने हेच काम केलं होतं. ते पाहून यायला पंचांनी गिरमाजीला धाडलं.

गिरमाजी गेला. हौद बाहेरून बगळ्यासारखे पांढरे होते. त्याने एक लांब काठी मागून घेतली आणि पाण्यात घातली. काठी हातभर गाळात रुतली. वर काढली तेव्हा घाणेरडा भपकारा आला. पाणी भरायला आलेली एक म्हातारी म्हणाली, "वरून रंगवलं बाबा. आत कोण उतरलंय?"

तो परतला तेव्हा चौघा पंचांचं मन ठरून गेलं होतं. नगरशेठ त्या मंडळाचे प्रमुख. गिरमाजीशी त्यांचा तीस वर्षांचा घरोबा. ते हसून म्हणाले, "ये गिरमाजी. तुझ्या होकारासाठीच थांबलोय. काम बरं आहे ना त्याचं?"

गाळाची गोष्ट गिरमाजीच्या ओठांपर्यंत आली. पण चार ओळखीचे चेहरे त्याच्याकडे प्रेमाने बघत होते. सगळे एका बाजूला असताना आपण एकट्यानेच मोडता कशाला घालायचा? वाईटपणा कशाला घ्यायचा?

"पाहिलं," तो म्हणाला. "चुना चांगला लावलाय."

ते खोटं नव्हतं. मक्ता त्या गोड माणसाला मिळाला आणि पंधरा दिवसांत हौद बाहेरून पांढरे झाले.

भाद्रपद संपता संपता खालच्या आळीत हगवण-ओकारीची साथ आली. अकरा दिवसांत एकोणीस माणसं गेली. वैद्याने हौद उपसायला लावला. तळाला भेग होती आणि मोरीची घाण आत आलेली डोळ्यांना दिसत होती.

पंच घाईने जमले. "देवीचा कोप झाला म्हणून सांगू," एक जण म्हणाला. "लोक ऐकतील." बाकीच्यांनी माना हलवल्या. गिरमाजी मात्र उठला. "कुठे निघालास?" नगरशेठांनी विचारलं. तो बाहेर पडला आणि थेट खालच्या आळीच्या चौकात जाऊन उभा राहिला. माणसं जमली. काठी, गाळ, म्हातारीचे शब्द, सगळं त्याने सांगितलं. काही लपवलं नाही.

गर्दीतून एक परटीण पुढे आली. तिची सात वर्षांची लेक चार दिवसांपूर्वी गेली होती.

"काका, त्या मक्तेदाराने तुम्हाला काही दिलं होतं?"

"नाही गं. एक कवडीसुद्धा नाही."

"मग बोलला का नाहीत?"

गिरमाजीने मान खाली घातली. "चार माणसांत वाईटपणा नको वाटला."

परटीण म्हणाली, "म्हणजे तुमचा चांगुलपणा राखायला माझी लेक गेली."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं गिरमाजीला वाटलं. कुणी त्याला शिवी दिली नाही की दगड मारला नाही. एकेक माणूस पाठ फिरवून घरी गेला.

मक्ता मोडला. खालच्या आळीचा हौद बांधून काढायला भागू गवंडीण आली आणि तो दोन महिने बंद राहिला. तेवढे दिवस गिरमाजी वरच्या आळीतून खांद्यावर कावड घेऊन खाली पाणी आणत असे. लोक पाणी घेत, पण त्याच्याशी बोलत नसत. त्याचीही काही तक्रार नव्हती.

पुढे नगरशेठ स्वतः त्याच्या घरी आले. "झालं गेलं विसर. पंचांत परत ये. तुझ्याइतका प्रामाणिक माणूस आम्हाला मिळायचा नाही."

"शेठजी," गिरमाजी म्हणाला, "माझा हात चोरी करत नाही, पण माझी जीभ भित्री आहे. असा माणूस तिथे नको. माझ्या जागी त्या परटिणीला बसवा."

"तिला? तिला अक्षर येत नाही!"

"तिला विचारता येतं."

नगरशेठ मान हलवत उठून गेले. पण पुढच्या बैठकीला पाचव्या जागेवर परटीण बसली होती. नळ-हौदांचं काम मागायला एक नवा मक्तेदार आला. तो बोलून थांबताच चौघांनी माना डोलावल्या. ती म्हणाली, "जरा थांबा. तुम्ही बांधलेल्या हौदाचं पाणी तुमच्या घरी पितात का?"

गोष्टीचं तात्पर्य एवढंच: दहा जणांचं भलं ज्याच्या हाती सोपवलंय, त्याने नुसतं स्वच्छ राहून भागत नाही, डोळ्यांना दिसलेलं तोंडाने सांगावंच लागतं.