जुन्या पडद्यावरचं हवामान

फार वर्षांपूर्वी टीव्हीचं एक बटण दाबलं की बातम्या, बाजारभाव, हवामान अशी नुसत्या अक्षरांची पानं उमटत. ती सोय केव्हाच बंद पडली. पण दुरुस्तीच्या दुकानातला बंडोपंत नावाचा जुना टीव्ही शेवटचं पान पोटात जपून होता आणि दिसेल त्याला ते वाचून दाखवी.

एक दिवस यमी उंदरीण पिल्लांना घेऊन समोरच्या गोदामात राहायला निघाली. "पंत, पाऊस येईल का हो?" तिने विचारलं.

"येणार," टेबलावरचा मोबाइल म्हणाला.

"त्या पोरकटाचं काय ऐकतेस? आमच्या पानावर जाहिराती नसत, थापा नसत. आकाश निरभ्र राहील," पंत गरजले.

अर्ध्या रस्त्यात यमी पिल्लांसकट भिजली. परत येऊन तिने विचारलं, "पंत, हे पान कधीचं?"

"शहाण्णव सालचं," पंत पुटपुटले. "पण खोटं नव्हतं गं."

"पोटात त्या पानाशिवाय आणखी काही आहे?"

"नाही."

यमीने पंतांच्या मागच्या फटीतून पिल्लं आत सोडली. संध्याकाळी पंतांनी सवयीने वाचन सुरू केलं, तशी ती आतून म्हणाली, "हळू वाचा, पोरं झोपलीत."

पंतांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून आवाज बारीक केला.