समुद्रराक्षस अजून पेटीतच

साताऱ्याच्या बोर्डगेम मंडळात एक नियम होता: खेळात नवी भर घालणारा एक्स्पान्शन पॅक सबनीसकाका निवडतील, कुणी 'का' विचारायचं नाही. यंदा एकच पॅक परवडणार होता. मंडळाच्या 'जादुई राज्यांची लढाई' या खेळात चौघंच खेळू शकत. नव्या दोन मुली दर रविवारी नुसत्या बघत बसत. म्हणून चिटणीस मृण्मयीला सहा खेळाडूंचा पॅक हवा होता.

"ड्रॅगनचाच घ्यायचा!" काका गरजले. "गेल्या वर्षी घेतलेल्या पॅकमधल्या समुद्रराक्षसांनी काय लढाया रंगवल्या!"

ज्येष्ठांनी माना डोलावल्या.

मृण्मयीने धावत जाऊन कपाटातून समुद्रराक्षसांच्या पॅकची पेटी आणली. वेष्टनाचं प्लॅस्टिक शाबूत होतं आणि त्यावर गेल्या दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू.

"काका, राक्षस तर अजून आतच आहेत. मग लढलं कोण? ड्रॅगनच्या ऑर्डरवर मी सही करणार नाही!"

डोलणाऱ्या माना जागीच थांबल्या. या वेळी मृण्मयीला 'का' म्हणून कुणीच विचारलं नाही.