ओल्या दोराएवढी उंची

तुम्ही असं राज्य कधी पाहिलं आहे का, जिथली राणी जन्मात एकदाही उंबऱ्याबाहेर गेली नाही आणि तरीही आपल्या वस्त्यांत पाणी किती आहे हे तिला रोज सकाळी बसल्या जागी कळत असे?

त्या राज्यात सात वस्त्या होत्या आणि दर वस्तीला एक विहीर होती. राणीच्या महालासमोर एक पांढरी भिंत होती. त्या भिंतीला टेकून सात खांब उभे राहत, प्रत्येक वस्तीचा एक. हे खांब दगडाचे किंवा लाकडाचे नव्हते. पहाटे ते आपापल्या विहिरीवर जात, दोर सोडत आणि दोर वर ओढून त्याचा किती भाग ओला झाला ते पाहत. ओला दोर जेवढा, तेवढीच त्या दिवसाची उंची. तेवढी उंची घेऊन खांब भिंतीशी येऊन उभा राही. दोर सोडायचा तो खांबानं स्वतः. दुसऱ्या कुणी सोडला तर उंची चढत नसे.

भिंतीच्या पायथ्याशी एक सरळ काळी रेघ होती. त्या रेघेवर शून्याबाई बसलेली असे. पाणी जिथून मोजायचं ती जागा सांभाळणं एवढंच तिचं काम. तिला स्वतःची उंची नव्हती, म्हणून तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नसे. तिच्या शेजारी, उंबऱ्याशी, राणीच्या वहाणा ठेवलेल्या असत. त्या कोऱ्या होत्या. त्यांचं चामडं अजून करकरीत होतं.

सर्वांत उंच खांब पाणमळ्याचा. नऊ विती. सर्वांत ठेंगणा खडकाळीचा. तो जेमतेम एक वीत भरे. खडकाळीत सगळीकडे तांबडा मुरूम. असा मुरूम दुसऱ्या कुठल्याच वस्तीत नव्हता आणि त्यात पाणी टिकत नसे. बाकीचे खांब त्याला बुटक्या म्हणत.

"काय रे बुटक्या, आज उभा आहेस की बसला आहेस?" पाणमळ्याचा खांब रोज विचारी.

"उभा आहे दादा," बुटका म्हणे. "तुम्ही वाकून बघा, दिसेन."

त्यावर बाकीचे हसत. बुटकाही हसे, पण त्याचं हसू सगळ्यांच्या आधी संपे.

त्या वर्षी डोंगरातून एक कालवा खणून झाला होता. पाणी एकाच वस्तीला पुरेल एवढं होतं. पुढच्या पौर्णिमेला सकाळी राणी भिंत पाहील आणि जो खांब सर्वांत ठेंगणा दिसेल त्याच्या वस्तीकडे कालवा वळेल, असं ठरलं. खडकाळीच्या बायका तेव्हापासून दिवस मोजू लागल्या. त्यांच्या विहिरीत दिवसाला दोन घागरी झरत, त्याही वाटीवाटीनं भरून काढाव्या लागत.

एके दिवशी झोपाळ्यावर बसल्या बसल्या राणी सहज म्हणाली, "भिंत फार ओबडधोबड दिसते नाही? एक आभाळाला, एक पाताळाला. बघायला बरं वाटत नाही."

राणी एवढंच बोलली आणि पान खायला आत गेली. पण राजवाड्यात सहज बोललेलं काही सहज राहत नाही. संध्याकाळच्या आत सजावटीचे कारभारी कुंचलेराव भिंतीसमोर हजर झाले. ते जातीनं कुंचला होते. अंगानं बारीक, डोक्यावर मऊ केस, आणि ज्या रंगात बुडवाल त्या रंगाचे. सगळे खांब सारखे दिसले तर कालव्याची निकड कुणालाच उरत नाही आणि मग ते पाणी राजबागेतल्या कारंज्याकडे नेता येतं, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. ते कारंजं त्यांनीच रंगवलं होतं आणि बरेच दिवस कोरडं पडलं होतं.

कुंचलेरावांनी आपल्याबरोबर एक पेटी आणली. तिला चारशे खण होते. एका खणात रंग, एका खणात रंगांची फिकटाई. कडांची जाडी, अक्षरांचा आकार, अक्षरं किती तिरकी करायची, मागं आडव्या रेघा हव्यात की नकोत, चौकटीला नक्षी कुठली, प्रत्येकाला वेगळा खण. कुंचलेरावांनी खणाचं नाव घेऊन काय हवं ते सांगायचं, की भिंतीवर तसं होई. पेटी फार गुणी होती. सांगाल ते करी. कशासाठी, असं मात्र तिनं कधी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी कुंचलेरावांनी सहा खांबांना गडद निळा रंग दिला आणि बुटक्याला भिंतीसारखाच पांढुरका. लांबून पाहिलं तर तिथं कुणी उभं आहे असं वाटेना.

"रावसाहेब, मी दिसत नाही," बुटका म्हणाला.

"अरे, फिकट रंग सध्या फार चालतो. नाजूक दिसतो."

"नाजूक नको. माझा रंग परत द्या. खडकाळीची माणसं लांबून येतात आणि मला शोधून जातात."

कुंचलेरावांनी ऐकलं नाही. तेव्हा बुटक्यानं काय केलं, तर खडकाळीचा मुरूम आणून अंगाला फासला. पांढऱ्या भिंतीवर तो तांबडालाल दिसू लागला, निळ्यांपेक्षाही उठून. कुंचलेरावांनी पुन्हा पांढुरका दिला. बुटक्यानं पुन्हा मुरूम फासला. असं तीनदा झालं.

मग त्यांनी अक्षरांचा खण उघडला. वस्त्यांची नावं मुंगीएवढी केली आणि उभी फिरवली. वाचणाऱ्याला मान मोडायची पाळी आली. मागं इतक्या आडव्या रेघा ओढल्या की भिंत चाळणीसारखी दिसू लागली. चौकटीला वेलबुट्टी आली. पण एवढं सगळं होऊनही बुटका एक वीतच राहिला. कारण चारशे खणांत उंचीचा खण नव्हता.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पेटीच्या तळाशी कुंचलेरावांना आणखी एक खण सापडला. आजवर कुणी तो उघडला नव्हता. त्यावर लिहिलं होतं : जमीन.

कुंचलेरावांचे केस ताठ उभे राहिले. उंची बदलता येत नसेल, पण उभं कुठं राहायचं ते तर बदलता येतं. त्यांनी हुकूम सोडला आणि भिंतीच्या पायथ्याशी सात चौथरे उभे राहिले. सगळे सारखे, वीस वीस विती उंच.

"प्रत्येकानं आपापल्या चौथऱ्यावर चढायचं," ते म्हणाले. "चौथऱ्याला त्या त्या खांबाचाच रंग द्यायचा, सांधा दिसता कामा नये. शून्याबाई, तुम्ही मात्र खालीच बसा. रेघ खाली दिसली की खांब तिथूनच सुरू होतात असं वाटेल."

"आणि पाणी कुठून सुरू होतं?" शून्याबाईनं विचारलं.

"बाई, तुम्ही शून्य आहात. तुम्ही मध्ये बोलू नये."

खांब चौथऱ्यांवर चढले. बुटकाही चढला. खरं सांगायचं तर चढताना तो नको म्हणाला नाही. आजवर त्यानं पाणमळ्याच्या खांबाचे नुसते घोटे पाहिले होते. आता खालून चौथऱ्यासकट पाहिलं तर तो एकवीस विती आणि पाणमळ्याचा एकोणतीस, जणू खांद्यापर्यंत पोचलेला. वारा लागत होता. राजबागेतली झाडं दिसत होती. कुणी त्याला बुटक्या म्हटलं नाही. बराच वेळ तो गप्प उभा राहिला, आणि त्या गप्प राहण्यात सुख होतं.

"ए, हे काय!" पाणमळ्याचा खांब भडकला. "खालून बघणाऱ्याला हा माझ्या खांद्याला दिसणार? मग मी नऊ विती कमावल्या त्या काय उगाच?"

"दादा, तुम्ही काय कमावलंत?" शून्याबाई खालून म्हणाली. "तुमच्याकडे झरा मोठा आहे, इतकंच. पण रागावलात ते बरं झालं. कधी नाही ते आपलं एकमत झालं."

आता चौथरे रंगवायचे राहिले होते. नव्या बांधकामावर पेटीचा रंग बसत नसे, तो हातानं द्यावा लागे. त्या राज्याची रीत अशी, की खांबाचा रंग त्याच्याच विहिरीच्या पाण्यात कालवायचा. दुसऱ्याचं पाणी लागलं तर रंग धरत नाही, पोपडे निघतात. म्हणून कुंचलेरावांनी सातही वस्त्यांना एकेक घागर पाठवायला सांगितलं. पाणमळ्याची घागर आली, डचमळत, रस्ताभर सांडत. बाकीच्या पाचही आल्या. शेवटी दुपार कलल्यावर खडकाळीहून येसू आली.

येसू खडकाळीची पाणी भरणारी बाई. पायांना गुडघ्यापर्यंत तांबडा मुरूम. डोक्यावर घागर, आणि ती काठोकाठ भरलेली नव्हती.

"उशीर केलास," कुंचलेराव म्हणाले. "ओत इथं, या परातीत."

येसूनं घागर खाली घेतली, पण कमरेवर धरून ठेवली.

"वतते की. पर रावसाहेब, एक सांगा. ह्ये वतल्यावर आमच्या खांबाची उंची वाढंल का कमी व्हईल?"

"वाढेल. म्हणजे दिसायला वाढेल."

"दिसायला नगं. खरं सांगा."

कुंचलेराव परात सरळ करू लागले. उत्तर वरून आलं. बुटका आपल्या चौथऱ्यावरून खाली वाकला होता.

"कमी होईल, येसूताई. विहिरीत दिवसाचं दोन घागरी पाणी. त्यातली ही एक. ही इथं ओतलीस तर घरासाठी दुसरी उपसावी लागेल, आणि उद्या माझा दोर अर्धी वीतच भिजेल."

"म्हंजी तुला उंच दावायला तुलाच कापायचं?"

"हो."

"आन संध्याकाळी पोरास्नी काय पाजू? चौथरा?"

कुंचलेराव म्हणाले, "बाई, सगळं राज्य सुंदर दिसावं म्हणून सगळ्यांना थोडं सोसावं लागतं."

"आमी सोसतोय म्हून तर ह्यो एक वीत हाय," येसू म्हणाली. "त्ये तरी बघू द्या की राणीसायबास्नी."

बुटका चौथऱ्यावरून उतरला. वीस विती उतरायला त्याला वेळ लागला. चढताना कुणी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं, उतरताना सगळे पाहत होते. खाली आल्यावर तो येसूच्या घागरीएवढा दिसू लागला.

"घागर घरी ने, ताई," तो म्हणाला.

येसूनं घागर डोक्यावर घेतली आणि ती वळली. कुंचलेरावांनी तिला हाक मारली नाही. ते पाणमळ्याच्या खांबाकडे वळले आणि लाघवी आवाजात म्हणाले, "दादासाहेब, तुमच्याकडे काय कमी आहे? बुटक्याच्या चौथऱ्यापुरतं पाणी तुम्हीच द्या. पोपडे निघायचे ते परवा निघतील, उद्याचा दिवस निभला म्हणजे झालं."

पाणमळ्याचा खांब बराच वेळ येसूच्या पाठीकडे पाहत होता. ती अगदी सावकाश चालत होती. त्याच्या वस्तीतून आलेल्या घागरीचा ओला माग अजून रस्त्यावर होता. तिच्यामागं मात्र एक थेंबही नव्हता.

"पाणी देईन," तो म्हणाला. "तिच्या घागरीत देईन. भिंतीला नाही देणार."

"म्हणजे?"

"म्हणजे मीही उतरतो."

नऊ वितींचा खांब खाली आला. त्यात अजून थोडा मानाचा राग होता, हे खरं. पण राग कशामुळेही असो, तो उतरला. मग दुसरे उतरले, कुणी कुरकुरत, कुणी इकडं तिकडं बघत.

"बघून घेईन!" कुंचलेराव म्हणाले. "उद्या सकाळी जेवढे असाल तेवढे इथं येऊन चौथऱ्यावर उभे राहाल. तुम्ही खांब आहात. भिंतीशी उभं राहणं एवढंच तुम्हाला येतं."

"नाही," बुटका म्हणाला. "दोर सोडणंही येतं. आणि न सोडणंही येतं. मी उद्या सोडणार नाही."

पौर्णिमेचा दिवस उजाडला. राणी झोपाळ्यावरून उठून उंबऱ्याच्या आतच, भिंतीसमोर आली. चौकटीवर वेलबुट्टी होती, मागं आडव्या रेघा होत्या, मुंगीएवढी नावं होती. सात चौथरे होते, त्यांतले सहा निळे आणि एक कोरा. त्यांच्यावर कुणीच नव्हतं. फक्त वर, सातही चौथऱ्यांच्या माथ्यावरून, ती काळी रेघ गेली होती आणि तिच्यावर शून्याबाई बसली होती. जन्मात पहिल्यांदा ती पायथा सोडून, रेघ बरोबर घेऊन चढली होती. तिचा श्वास अजून फुलत होता.

"बाई, तू वर कशी गेलीस?" राणीनं विचारलं.

"मी वर नाही गेले, बाईसाहेब. जमीन वर आणली आहे. मी माझ्याच जागेवर आहे."

राणीनं चौथऱ्यांकडे पाहिलं. मग रेघेकडे. मग रेघेच्या वरच्या रिकाम्या भिंतीकडे.

"खांब कुठं आहेत?"

"विहिरींवर. दोर गुंडाळून बसलेत."

"आज कुणाची उंची किती?"

"ते इथून सांगता येणार नाही, बाईसाहेब."

कुंचलेराव पुढं झाले आणि पेटीचे खण भराभर उघडू लागले. "दुसरा रंग दाखवू का? सोनेरी? फिकट गुलाबी?"

राणी तशीच उभी राहिली. उन्हं चढली, भिंतीवर चौथऱ्यांच्या सावल्या आखूड होत गेल्या, कुंचलेरावांच्या केसांतला रंग वाळून कडक झाला. मग ती उंबऱ्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राणीच्या वहाणा उंबऱ्याशी होत्या आणि त्यांना तांबडा मुरूम लागलेला होता.