कारवानीची ऐट

माणसं कुत्र्यांनाही कूळ विचारू लागली, तेव्हाची गोष्ट. टाकून दिलेल्या कुत्र्यांच्या आश्रमात सुलतान नावाचा कारवानी जातीचा कुत्रा होता. कोणी आलं की तो जत्रेतल्या स्पर्धेत असल्यासारखा छाती पुढे काढून, मान ताठ करून उभा राही. लोक वाहवा करत आणि पुढे जात.

शेजारची लंगडी, गावठी कुत्री चंपी म्हणाली, "अरे, ही माणसं बक्षीस द्यायला येत नाहीत, सोबत शोधायला येतात."

एके दिवशी सोबत शोधत इंदुमावशी आल्या, तेव्हा सुलतानने ऐट सोडून त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. मावशी त्याला न्यायला निघाल्या, पण चंपीशिवाय तो फाटकाबाहेर पाऊल टाकेना. मग दोघंही निघाली.

मावशींच्या गल्लीत कोणीतरी विचारलं, "जातिवंत दिसतोय! कुठून आणलात?"

"आश्रमातून. दोघांनाही."

ते ऐकून सुलतानने पुन्हा छाती पुढे काढली, चंपीला अगदी खेटून.