पिंगळ्याचं आभाळपान

फार जुन्या काळी एका तळ्याकाठच्या झाडावर एक पिंगळा राहायचा. तो ताडाच्या पानावर आभाळ कोरायचा. कोणता तारा कोणता, हे त्याने नखांच्या खुणांनी नोंदवलेलं असे. पण त्या खुणा त्याच्याशिवाय कुणाला कळत नसत.

एका वर्षी हंसांना उत्तरेची वाट दाखवणारी म्हातारी हंसीण डोळ्यांनी अधू झाली. पिंगळ्याने आपलं पान तिच्या लेकीला, धवलाला दिलं. धवलाने ते उलटं धरलं. थवा दक्षिणेला भरकटला आणि तीन दिवसांनी उपाशीपोटी परतला.

"माझं पान बरोबर आहे!" पिंगळा चिडून म्हणाला.

"बरोबरच आहे, पिंगळेदादा," म्हातारी म्हणाली. "पण ते वाचायला तुम्हीच लागता. कडेला सगळ्यांना कळेल असं काही लिहा ना."

"चित्र बिघडेल."

"आणि पुन्हा वाट चुकली तर माझी पिल्लं जातील हो."

पिंगळ्याने पान पुन्हा पुढ्यात ओढलं. मग त्याने कडेला सप्तर्षी काढले, ध्रुवावर ठळक ठिपका दिला आणि उत्तरेकडे बाण कोरला. अंधार पडल्यावर त्याने पान त्याच झाडावरच्या एका खारीला दाखवलं. तिने कधी आभाळ निरखलं नव्हतं, तरी शेपटीने बरोबर उत्तर दिशा दाखवली.

म्हातारीला तळ्याकाठी ठेवून थवा ते पान घेऊन पुन्हा उडाला. पंधरा दिवसांनी उत्तरेकडून एक घार आली.

"सगळे सुखरूप पोचले," ती म्हणाली. "वाटेत चुकलेल्या करकोच्यांनीही त्याच पानावरून वाट काढली."

म्हातारी हंसीण तळ्यात उतरली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.